ट्रिम हाताला लागला पाहिजे: घरी केलेल्या फोर्स फीडबॅक दांड्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुरुवात मामेभावामुळं झाली. तो पायलटचं ट्रेनिंग घेतोय, दिवाळीला बेळगावात अनगोळला घरी आलेला, माझ्या कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या सिम्युलेटरवर बसला, सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या विमानतळावरनं, सेसना १७२ हे लहान विमान वर काढलं, ट्रिम (दांडा सतत ओढून न धरता नाक हवं तिथं राहावं म्हणून करायची जुळवणी) केला आणि लगेच म्हणाला "हा ट्रिम नव्हं रे, हे उलटंच करालैस तू." आता स्प्रिंगवाली जॉयस्टिक वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल, नाक वर धरायला दांडा मागं ओढलेला असतोय, मग ट्रिमचं बटण दाबत जायचं आणि तेवढाच दांडा अंदाजानं पुढं सोडत जायचं, म्हणजे एक हात ट्रिम करतोय आणि दुसरा हात तो बिघडवतोय. खऱ्या १७२ मध्ये योक (विमानाचा दांडा, स्टिअरिंगसारखा) जिथं धरलाय तिथंच धरायचा, चाक फिरवायचं, हातावरचं वजन उतरत उतरत गेलं की हात काढायचा, योक तिथंच राहतोय. भाऊ म्हणाला डोळे मिटून करता येतं. मला डोळे फाडून पण जमत नव्हतं.

तयार फोर्स फीडबॅक जॉयस्टिक, म्हणजे आत मोटर असलेली आणि हाताला जोर देणारी, नवीन घ्यायची म्हणजे किंमत बघूनच मी टॅब बंद केला. मायक्रोसॉफ्टचा जुना साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ कोल्हापुरात एका मित्राकडं आहे, तो बघून आलो. त्याच्या दांड्यात हात ओळखणारा सेन्सर आहे, हात काढला की मोटरा ढिल्या पडतात. सुरक्षेसाठी बरोबर आहे, पण ट्रिम नीट लागलाय का हे बघायला हातच काढायचा असतोय, आणि हात काढला की दांडा लुढकला आणि विमान पण. मित्रानं सेन्सरवर टेप लावलाय. त्याच्याकडं डीसीएस हे लढाऊ विमानांचं सिम आहे, त्यात हेलिकॉप्टरचा ट्रिम दाबला की दांड्याचं सेंटरच सरकतंय, फोर्स फीडबॅक त्यात आधीपासूनच आहे. ज्यांच्याकडं असला दांडा आणि डीसीएस दोन्ही आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझ्याकडं एक्स-प्लेन ११ हे सिम आणि जुना पीसी. म्हटलं घरीच करू, आणि फक्त पिच, म्हणजे नाक वर खाली करणं. ट्रिम १७२ ला पिचचाच असतोय, रोलला, म्हणजे डावीउजवीकडं कलायला, साधी स्प्रिंग पुरे. हा निर्णय एकच पहिल्या दिवशी बरोबर घेतला, बाकी सगळे नंतर बदलले.

१४ जानेवारी, संक्रांत

भंगारातून बसची वायपर मोटर आणली, ३५० रुपये. ताकद भरपूर, गिअरबॉक्स सोबतच, म्हटलं अर्धं काम झालं. घरी येऊन शाफ्टला पाना लावून फिरवायला बघितलं, हलत नाही. वायपर मोटरीत वर्म गिअर असतोय, मोटर शाफ्टला फिरवते पण शाफ्ट मोटरीला फिरवू शकत नाही. म्हणजे हा दांडा मोटर नेईल तिथं जाईल आणि माझ्या हातानं तसूभर हलणार नाही. फोर्स फीडबॅकमध्ये हातानं मोटरीला मागं ढकलता आलं पाहिजे, हीच तर सगळी गंमत आहे. ३५० रुपये पाण्यात. तिळगूळ खाल्ला आणि झोपलो.

१९ जानेवारी

७७५ नंबरची डीसी मोटर ऑनलाइन मागवली, ५५० ला. ही हातानं फिरते. एकटीची ताकद कमी म्हणून बेल्टनं पाचपट करायची ठरवलं, मोटरीवर लहान पुली आणि दांड्याच्या शाफ्टवर मोठी. जीटी२ बेल्ट घेतला, थ्रीडी प्रिंटरवाले वापरतात तो, स्वस्त मिळाला. (पुढं वाचा.)

दांड्याचा शाफ्ट आणि बेअरिंगची दोन घरं उद्यमबागेत लेथवाल्या अण्णांकडून करून घेतली. मी त्याच लाइनला एका हायड्रॉलिकवाल्याकडं इन्स्पेक्शनला आहे त्यामुळं ओळख. स्केच बघून त्यांनी विचारलं "हे कशाचं?" म्हटलं "विमानाच्या दांड्याचं." "मग इमान कुठं हाय?" म्हटलं "कॉम्प्युटरात." त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि लेथ चालू केला. ६२०२ बेअरिंग दोन, पंख्यात असतात तीच.

२६ जानेवारी

सुट्टीचा दिवस वायरिंगमध्ये गेला. प्रो मायक्रो बोर्ड (कोड चालवणारा), बीटीएस७९६० मोटर ड्रायव्हर (मोटरीला वीज देणारा), १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आणि पोझिशन कळायला एएस५६००, हा मॅग्नेटिक सेन्सर, शाफ्टच्या टोकाला चुंबक लावायचा आणि समोर दोनेक मिलिमीटरवर हा.

चूक एक: चुंबक घरातला लावला, जुन्या स्पीकरच्या सामानातला गोल. आकडे वेड्यासारखे. तीन तास वायरी तपासल्या. या सेन्सरला आडवा चुंबकीय केलेला मॅग्नेट लागतो, म्हणजे अर्ध्या वर्तुळात उत्तर आणि अर्ध्यात दक्षिण. साधा गोल चुंबक वरनं उत्तर खालनं दक्षिण असतो, तो फिरला काय न फिरला काय, सेन्सरला सारखंच. बरोबर चुंबक सेन्सरच्या पाकिटातच होता, स्पंजमध्ये अडकलेला!

चूक दोन: ड्रायव्हरला प्लस मायनस उलटं लावलं. धूर. ४८० रुपये. आई आतून "काय जळालंय रे" म्हणून ओरडली, तिला काही नाही म्हटलं पण वास सांगत होता.

२ फेब्रुवारी

नवा ड्रायव्हर आला. कोड अगदी साधा, दांडा सेंटरपासून जितका लांब तितका मोटरीनं त्याला सेंटरकडं ओढायचं. चालू केलं आणि दांडा सेंटरकडं यायच्या ऐवजी खाडकन पुढं जाऊन फळीवर आदळला, वाटेत चहाचा कप होता तो गेला, निम्मा कीबोर्डवर. एक चिन्ह उलटं होतं, त्यामुळं जितकं लांब जाईल तितकं मोटर आणखी लांब ढकलणार. पहिल्यांदा चालू करताना ताकद दहा टक्क्यावर ठेवा आणि तोंड दांड्याच्या वर नेऊ नका. मी त्याच दिवशी लाल बटणाचा स्विच बसवला, मोटरीची लाइन सरळ तोडणारा, डाव्या हाताला.

चिन्ह बदलल्यावर चाललं. स्प्रिंगसारखं वाटलं. हात सोडला की थरथरत राहायचं, सेंटरच्या अलीकडं पलीकडं, मग वेगाच्या उलट थोडा जोर लावला म्हणजे डॅम्पिंग दिलं तेव्हा शांत झालं.

३ ते १३ फेब्रुवारी

हे दहा दिवस वाया गेले म्हणून एकत्र लिहितोय. रोज रात्री जेवून बसायचो, दांडा सेंटरला, अर्धा तास उडवायचं आणि सेंटर सरकलेलं. कधी पाच मिलिमीटर पुढं कधी मागं. मला वाटलं कोड. तीनदा पहिल्यापासनं लिहिला. मग वाटलं सेन्सर गरम होतोय, त्याच्यावर पंखा लावला. मग वाटलं यूएसबी केबल.

झालं होतं असं. सेन्सर मी दांड्याच्या शाफ्टवर न लावता मोटरीच्या शाफ्टवर लावलेला. त्याला कारण होतं, एएस५६०० एका फेऱ्यात ४०९६ पायऱ्या देतो, पण दांडा पुढंमागं मिळून चाळीसच अंश हलतो, म्हणजे दांड्यावर लावला तर साडेचारशे पायऱ्या मिळतात, मोटरीवर लावला तर पाचपट, सव्वादोन हजारच्या वर. ट्रिमला बारीक पायरी लागतेच. पण मधला जीटी२ बेल्ट जोर आला की एखादा दात उडी मारत होता, आवाज नाही काही नाही, आणि सेन्सर बिचारा मोटरीचं खरं सांगत होता, दांड्याचं नाही.

कळलं कसं, तर पोरानं, माझ्या पुतण्यानं, लहान पुलीवर आणि बेल्टवर व्हाइटनरनं एक एक टिकली मारलेली, खेळ म्हणून. दुसऱ्या दिवशी टिकल्या समोरासमोर नव्हत्या.

एचटीडी ५एम बेल्ट घेतला, १५ मिलिमीटर रुंद, दात मोठे. लहान पुली १५ दाती तयार मिळाली, मोठी ७५ दाती थ्रीडी प्रिंट करून घेतली, इंजिनिअरिंगच्या एका पोराकडून. त्यानंतर दात कधी उडाला नाही.

१६ फेब्रुवारी

ट्रिमचं चाक. बटणावर ट्रिम मला नको होता. आजीच्या शिलाई मशीनचं हातानं फिरवायचं चाक माळ्यावर होतं, बिडाचं, जड, एकदा ढकललं की आपल्या वजनानं थोडं पुढं जातं. आईनं "मशीन कुठाय माहीत नाही, चाक घे" म्हटलं. आत दहा फेऱ्यांचं पोटेंशिओमीटर (शाफ्ट कुठं आहे ते व्होल्टेजवरनं सांगणारं), त्याचा शाफ्ट दोन सुताचा आणि चाकाचं भोक त्याच्या दुप्पट, अण्णांनी मध्ये पितळेचा बुश करून दिला, ग्रब स्क्रूसकट. पोटेंशिओमीटर घ्यायचं कारण, पीसी बंद करून चालू केला तरी चाक कुठं आहे ते त्याला माहीत असतंय, नुसत्या पायऱ्या मोजणारा एनकोडर सगळं विसरतो. चाक पुढं ढकललं की नाक खाली, १७२ सारखंच.

कोडमध्ये बदल एका ओळीचा: सेंटर आता शून्य नाही, चाक सांगेल ते.

पहिल्यांदा चाक फिरवलं आणि दांडा माझ्या हातात हळू मागं आला. सिम चालू पण नव्हतं.

२३ फेब्रुवारी

सिम चालू करून केलं तर विमान पिसाळलं. ट्रिम थोडा दिला की नाक आकाशात. कारण कळायला फार वेळ लागला नाही पण ते नीट सांगतो, इथं बऱ्याच जणांचं अडतंय. एक्स-प्लेनच्या हिशोबात ट्रिम वेगळा आणि जॉयस्टिक वेगळी, दोन्हींची बेरीज करून ते एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर खाली करणारी फळी) हलवतं. स्प्रिंगवाल्या जॉयस्टिकसाठी ते बरोबरच आहे, कारण ती जॉयस्टिक सेंटरला परत येणार आहे. पण माझा दांडा परत येत नाही, तो ट्रिम झालेल्या जागीच थांबतो आणि त्याची ती जागा सिमला जॉयस्टिक म्हणून दिसतेच. वर मी चाक सिममधल्या ट्रिमला पण जोडून ठेवलेलं. म्हणजे एकच ट्रिम दोनदा मोजला जात होता.

उपाय काय, तर सिममधला ट्रिम शून्यावर सोडून द्यायचा. चाक सिमला जोडायचं नाही, कीबोर्डवरची ट्रिमची बटणं काढून टाकायची, जुन्या जॉयस्टिकच्या हॅटवर (दांड्यावरचं छोटं चार दिशांचं बटण) असतील ती पण. सगळा ट्रिम दांड्याच्या सेंटरमध्ये. सिमला वाटतं हा माणूस दांडा धरून बसलाय, त्याला काय माहीत मोटर धरून बसली आहे. यातला फायदा असा की प्लगइन (सिमला जोडायचा वेगळा प्रोग्राम) लागत नाही, ज्या सिममध्ये फोर्स फीडबॅकची सोय नाही त्यात पण हे चालतंय. तोटा, पडद्यावरचं कॉकपिटमधलं ट्रिमचं चाक हलत नाही. मला ते चाललं, माझं चाक मांडीशेजारी आहे.

२ मार्च

चालतंय पण मजा नाही. हात सोडला की दांडा ट्रिमच्या जागी नेमका येत नाही, अलीकडंच कुठंतरी थांबतो, पुढनं सोडला तर एका जागी मागनं सोडला तर दुसऱ्या, दोन्हीत बोटभर फरक. चाक पाव फेरा फिरवलं तर दांडा ढिम्म. साध्या जॉयस्टिकला एवढं घासणं कळत पण नाही, पण ट्रिमला घासणं म्हणजे मरण, कारण ट्रिम शेवटी अगदी बारीक जोरातच असतोय आणि तो जोर घासण्यातच संपला तर हाताला काय कळणार.

मोटरीची ताकद वाढवली, घासणं जिंकलं पण दांडा परत थरथरायला लागला. मग सगळं खोलून अण्णांकडं नेलं. त्यांनी शाफ्ट व्हीब्लॉकवर ठेवून डायल लावला, एक फेरा दिला आणि काटा बघून म्हणाले "हदिनैद थाऊ ऐति, नोड." पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, आउट. त्यांच्याकडून निघाला तेव्हा सरळ होता, मीच पुली ठोकून बसवताना वाकवलेला, हातोड्यानं, खाली लाकूड न ठेवता. नवीन केला. बेअरिंग पण बदललं, माझं रबर सीलचं होतं, ते सील आतल्या कड्यावर घासतंय, अण्णांनी पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड घालायला लावलं. बेल्ट मी वीणेच्या तारेसारखा ताणलेला, तो ढिला केला. तिन्ही मिळून बोटभर फरक तांदळाच्या दाण्याएवढा झाला.

९ मार्च

किरकोळ दोन.

मोटर कर्कश शिट्टी मारत होती, रात्री शेजारच्या काकूंनी विचारलं डास मारायचं मशीन आणलंय का. बोर्डाचा पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू बंद करून मोटरीची ताकद ठरवायची रीत) मुळात हजार हर्ट्झच्या आतला असतो, कानाला लागतोच. नऊ आणि दहा नंबरच्या पिनांवर टायमर १ वापरून २० किलोहर्ट्झ केला, शिट्टी गेली. ड्रायव्हर २५ पर्यंत घेतो.

दांडा जोरात ओढला की एसएमपीएस बंद पडायचा. हातानं फिरवली की मोटर जनरेटर होते, ती वीज मागं जाते, व्होल्टेज चढतं आणि एसएमपीएस घाबरून बंद. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी त्याला समांतर जोडली, मध्ये दहा अँपिअरचा फ्यूज, एसएमपीएस साडेतेराला सेट केला. बॅटरी ती वीज गिळते. शिवाय लाइट गेली तरी दांडा जिवंत राहतोय. पीसी जातो तो भाग वेगळा.

१६ मार्च

आता वेग. खऱ्या विमानात योक हवेमुळं जड होतो, जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, ६० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जितका त्याच्या चौपट १२० ला. एक्स-प्लेनमध्ये डेटा आउटपुट म्हणून सोय आहे, त्यात ३ नंबरची ओळ वेगाची, ती यूडीपीवर, म्हणजे नेटवर्कवरनं, पाठवायला सांगायची. प्रत्येक ओळ ३६ बाइटची, आधी नंबर मग आठ आकडे, त्यातला पहिला इंडिकेटेड वेग, म्हणजे विमानातल्या काट्यावर दिसतो तो, नॉटमध्ये. पायथनच्या वीसेक ओळींनी तो उचलून बोर्डाला पाठवतोय, बोर्ड त्याप्रमाणं स्प्रिंग कडक ढिली करतोय. सेंटर मात्र वेगानं बदलायचं नाही, ते चाकाचंच.

पहिल्यांदा वेग शून्य तर स्प्रिंग शून्य केली, रनवेवर उभं असताना दांडा स्वतःच्या वजनानं पुढं पडला, धाड. उभ्या सेसनाचा योक पण पुढंच पडलेला असतोय, भाऊ म्हणाला हे बरोबर आहे. पण फळी फुटेल म्हणून कमीत कमी पंधरा टक्के ठेवलं.

सामान मोजायच्या हुक काट्यानं मोजलं, जास्तीत जास्त सातशे ग्रॅमच्या आसपास जोर येतो, खऱ्यापेक्षा कमीच. ७७५ कडून यापेक्षा जास्त मागू नका, मी मागितला, मोटरीवर बोट ठेववेना. आणि इथं एक गंमत लक्षात आली. ट्रिम न करता दांडा धरून दहा मिनिटं उडवलं की मोटर तापते, कारण ती सतत माझ्याशी झुंजत असते. ट्रिम नीट केला की तिला काही कामच नसतं, थंड. आता मी मधूनच मोटरीला हात लावून बघतो, माझं फ्लाइंग कसं चाललंय ते कळतंय.

२३ मार्च

ऑटोपायलट लावला आणि काढला, नाक एकदम उडालं. ऑटोपायलट सिममधलाच ट्रिम वापरतो, तो शून्यावर राहिलेला नसतो आणि माझा दांडा जुन्याच जागी. फ्लायविथलुआ या एक्स-प्लेनच्या प्लगइनमध्ये, एवढ्यापुरती, छोटी स्क्रिप्ट लिहिली, ऑटोपायलट सुटला की सिमचा ट्रिम हळूहळू शून्यावर आणायचा, तेवढ्या वेळात मी चाकानं सांभाळून घेतो. अगदी गुळगुळीत नाही. तसा मी ऑटोपायलट लावतोच कधी, सांबरा ते सांबरा फेऱ्या मारणारा माणूस.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून, पुरणपोळी खाऊन हिशोब केला. एकूण ८,५६० रुपये, त्यातले १,६१० सरळ वाया: वायपर मोटर, जीटी२ चा सेट, जळलेला ड्रायव्हर, सीलची दोन बेअरिंग. वाकवलेल्या शाफ्टचे अण्णांनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत, कुंदा दिला त्यांना अर्धा किलो. वेळ अकरा आठवडे, रविवार आणि जेवणानंतरच्या रात्री.

संध्याकाळी भावाला बसवलं. रनवे २६ ला उतरायचं, ६५ नॉट, फ्लॅप टाकले, दांडा हातात जड झाला, त्यानं बघितलं पण नाही, डावा हात दांड्यावर तसाच आणि उजव्यानं शिलाई मशीनचं चाक दोनदा ढकललं, मग दांड्यावरची बोटं एकेक करून उचलली. दांडा तिथंच. "हां," म्हणाला, "आता हाय की." मी काही बोललो नाही पण आईला हाक मारून दाखवलं. तिला चाक तेवढं ओळखू आलं.

६ एप्रिल

अण्णा घरी आले, बघायचंच होतं त्यांना. खुर्चीत बसले, पडद्याकडं बघेनात, डोळे खाली, दांडा दोन बोटांत धरून हळू पुढं, हळू मागं. तीन चार वेळा. मग एका जागी थांबले.

"इथं जड हाय."

मी धरून बघितलं, मला काही कळेना. त्यांनी माझी बोटं धरून परत नेलं, सेंटरच्या थोडं मागं, आणि खरंच, तिथं केसभर अडतंय, जिथं मी नेहमी अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, ट्रिम करतो नेमकं तिथं. त्यांनी वाकून मोठ्या पुलीवर नख फिरवलं. प्रिंट केलेली पुली, भोक मध्यावर नाही, एका बाजूला बेल्ट ताणला जातोय. "प्लास्टिक काढ," म्हणाले, "ॲल्युमिनियमची करतो, दात तेवढे गिअरवाल्याकडनं पाडून घेऊ."

पुली काढून त्यांच्या पिशवीत दिली. बुधवारी मिळेल. तोवर दांडा ढिला पडलाय, मी जुन्या स्प्रिंगवाल्यावर आहे आणि आजच दोनदा गो-अराउंड (न उतरता परत वर) केलं.